पोशीरच्या फळ्याचं आगाऊ उद्घाटन

शरच्चंद्र कर्णिकांनी सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. पोशीरच्या शाळेतल्या मेघा सोनावळे मॅडम होत्या.

"सर, एक विचारायचं होतं," मॅडमचा आवाज दबका होता. "आपलं उद्घाटन झालं का?"

"कुठलं?"

"आपल्याच शाळेचं. डिजिटल वर्गाचं."

"मॅडम, ते दुपारी चारला आहे. पत्रिका तुम्हीच दिलीत मला."

"तेच तर. मी इथे रांगोळी काढतेय, फीत अजून पिशवीत आहे. पण मोबाईलवर आलंय की उद्घाटन उत्साहात संपन्न झालं. माझं आभारप्रदर्शनही झालंय." मॅडमनी आवाज आणखी खाली आणला. "सर, मी फार सुंदर आभार मानलेत हो."

कर्णिकांनी कप खाली ठेवला. ते आभार त्यांनीच लिहिले होते. नुसते आभारच नव्हे, अख्खा कार्यक्रम त्यांनीच लिहिला होता, आदल्या संध्याकाळी, आरामखुर्चीत, पाय वर घेऊन.

आता यात कर्णिकांनी काही नवीन केलं होतं असं मुळीच नाही. कर्जतच्या हायस्कुलात मराठी शिकवता शिकवता तीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या एका दैनिकाची बातमीदारी केली होती. त्या काळी तालुक्याचा वार्ताहर म्हटला की तो बहुधा मास्तरच असायचा. अक्षर चांगलं, आणि ज्याची बातमी द्यायची तो कधीतरी आपल्याच हातची छडी खाल्लेला. बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीने अलिबागला जायचं आणि कार्यक्रम व्हायचे संध्याकाळी. मग करायचं काय? कर्णिक निमंत्रणपत्रिका समोर ठेवायचे आणि कार्यक्रम पार पाडून टाकायचे. पाहुणे काय बोलणार हे पाहुण्यांच्या आधी कर्णिकांना ठाऊक असायचं, कारण तालुक्यात आलेला पाहुणा दुसरं काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एकदा तर एक पाहुणे गाडीचं चाक पंक्चर होऊन चौक फाट्यावरूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आपलं भाषण वाचून त्यांना इतकं भरून आलं, की ते पेढे घेऊन कर्णिकांच्या घरी आले. म्हणाले, "मी आलो असतो तर मला एवढं सुचलं नसतं."

पुढे दैनिकाचं तालुक्याचं पान बंद झालं आणि कर्णिकांचा जुना विद्यार्थी प्रीतम याने मोबाईलवर 'उल्हासकाठ न्यूज' सुरू केलं. "सर, तुमची भाषा पाहिजे," असं म्हणून त्याने सरांना घेतलं. सर एका बोटाने टाइप करायला शिकले. सवय मात्र तीच राहिली. चारच्या कार्यक्रमाची बातमी सकाळी उठल्या उठल्या प्रीतमकडे पाठवून, आंघोळपूजा उरकून ते चहाला बसले. त्यांच्या हिशेबी ती छापून यायची ती उद्या, दूधवाल्याच्या मागोमाग. मोबाईलला उद्या नसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी प्रीतमला फोन लावला.

"प्रीतम, ती पोशीरची बातमी टाकलीस?"

"टाकली ना सर. आली तशी टाकली. एकदम जोरात चाललीय."

"वाचलीस का?"

"सर, वाचत बसलो तर खोपोलीचे पोर्टलवाले पुढं जातात."

"अरे, कार्यक्रम दुपारी आहे."

प्रीतमने बातमी उघडून बघितली. मग प्रीतमने अगदी नम्रपणे विचारलं, "मग सर, तुम्ही 'संपन्न' का लिहिलंत?"

"तीस वर्षं तसंच लिहितोय मी. काढून टाक ती बातमी."

"आता कशी काढू सर? लोकांनी बघितली, पुढं पाठवली. काढली तर म्हणतील, उल्हासकाठ खोट्या बातम्या देतो."

"पण ती खोटीच आहे."

"मघाशी होती सर. आता बाकीच्यांनीपण दिलीय."

कर्णिकांनी चष्मा पुसून बघितलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. नेरळच्या एका पोर्टलने तीच बातमी 'हजारोंच्या उपस्थितीत' म्हणून दिली होती. खोपोलीच्या पोर्टलने 'आमच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष पाहिलेला सोहळा' म्हणून दिली होती, आणि त्या प्रतिनिधीने मुलांचं समूहनृत्यही प्रत्यक्ष पाहिलं होतं. आणखी एकावर यंत्रातली बाई ढोलाच्या ठेक्यावर सांगत होती की फीत कापताना पाहुण्यांचे डोळे पाणावले. सगळीकडे फोटो एकच. तो कर्णिकांच्या संग्रहातला, फार पूर्वी काढलेला, एका पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनाचा. त्यात नुसत्या पाठी दिसत असल्यामुळे तो त्यांनी आजवर दवाखान्यापासून व्यायामशाळेपर्यंत सगळ्याला वापरला होता. आज कुणीतरी त्यातल्या एका पाठीभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं होतं, 'हेच ते दाते'.

"अहो," प्रमोदिनीबाई आतून आपला फोन बघत आल्या, "तुम्ही पण बोललात म्हणे. जुन्या आठवणींना उजाळा दिलात."

"मी घरात आहे ना गं?"

"मला दिसताय. पण इथे उजाळा लिहिलंय."

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. पण कर्णिक पायजमा बदलत असतानाच आणखी एक फोन आला. हा देवेशचा. देवेश म्हणजे रसायनीच्या एका कारखान्याचा समाजकार्य बघणारा अधिकारी. शाळेला द्यायचा तो मोठा डिजिटल फळा घेऊन तो मोहोपाड्याहून टेंपोतून निघाला होता.

"सर, आमच्या मोठ्या साहेबांनी बातमी बघितली. फार खूश झालेत."

"देवेश, आधी ऐक. ते उद्घाटन..."

"साहेबांनी ती वरच्या साहेबांना पाठवली. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना. सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. आणि आता साहेब मला म्हणतात, पोशीरचा फळा लागला, मग तुझ्या टेंपोत आहे तो कुठला?"

"पोशीरचाच."

"ते मला माहितीय सर. पण आता त्यांना कसं सांगू की झालंच नाही? ते म्हणाले, तो जादाचा फळा खालापूरच्या पुढच्या शाळेला देऊन टाक. तिथला कार्यक्रम पुढच्या महिन्यात होता, तो उद्या उरकू. माफ करा सर, मी चौक फाट्यावरून उजवीकडे वळलोय."

कर्णिक खाटेवर बसले. पायजम्याचा एक पाय घातलेला, एक तसाच. आतापर्यंत गेली होती ती त्यांची अब्रू. आता गेला होता तो पोरांचा फळा.

आणि त्या फळ्याची पोशीरची पोरं किती वाट बघत होती, हे कर्णिकांनी स्वतः पाहिलं होतं. मेघा मॅडमच्या वर्गाने अख्खी सूर्यमाला बघितली ती मॅडमच्या तडा गेलेल्या मोबाईलवर. पंधरावीस डोकी एका मोबाईलवर वाकायची. पुढच्यांना बुध-शुक्र दिसायचे, मधल्यांना पृथ्वी, आणि पाठीमागे उभी राहणारी दर्शना, तिला आजवर शनी दिसलाच नव्हता. ती इतरांना विचारून विचारून वहीत काढायची, आणि सांगणाऱ्यांनाही तो नीट दिसलेला नसल्यामुळे तिच्या शनीला शेपूट होतं.

कर्णिकांनी दुसरा पाय पायजम्यात घातला आणि स्कूटर काढली.

नेरळच्या नाक्यावर पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस म्हणाला, "सर, काय गर्दी होती हो आज पोशीरला."

"तू होतास?"

"नाय, पन बघितली ना."

"अरे, कार्यक्रम झालेलाच नाही."

पंपावरच्या माणसाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि गाडी हळू चालवायला सांगितलं.

पोशीरच्या शाळेचं आवार सुनं पडलं होतं. रांगोळी होती, तोरण होतं, पण खुर्ची म्हणाल तर एक नाही. व्हरांड्याच्या पायरीवर मेघा मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि शेजारी गावातले म्हातारे बुधाजी धुतलेला सदरा घालून ताठ बसले होते.

"मंडपवाला खुर्च्या घेऊन आला होता," मॅडम म्हणाल्या. "गेटवर त्याने मोबाईल बघितला आणि म्हणाला, कार्यक्रम झाला तर खुर्च्या नेतो, कळंबला लग्न आहे. वडापाववाल्यानेही तेच केलं."

"मंग झाला ना कार्यक्रम," बुधाजी म्हणाले. "मी होतो की पुढच्या रांगेत."

"बुधाजी, खुर्च्या लागल्याच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"लागल्या नाय तर नेल्या कशा त्याने?"

मॅडमनी कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिक पुढे झाले. "बुधाजी, मी सांगतो ना, कार्यक्रम झालेला नाही. ती बातमी मी लिहिली. मनाने लिहिली."

बुधाजी हसले. "कर्निक सर, तुमी कवा खोटं लिवलंय? माज्या पोराच्या दुकानाची बातमी तुमी लिवलीत, बाप्पा, काय भाषनं झाली. मी तवा आजारी होतो, पन वाचून समदं ऐकल्यावानी झालं. तुमचा शब्द म्हंजे शब्द."

 तीस वर्षं त्यांनी न झालेलं लिहिलं आणि कुणी शंका घेतली नाही. आज आयुष्यात पहिल्यांदा ते जे खरं तेच सांगत होते, तर कोणी ऐकायला तयार नव्हतं.

वर्गाच्या दारातून दर्शना बाहेर आली. वेणीला नवी रिबीन होती.

"मॅडम, आमी नाचलो असं आजीच्या मोबाईलमधे आलंय. मंग आमाला वडापाव का नाय मिळाला?"

"तुम्ही नाचला नाहीत गं."

"मंग आजी वरडली मला. म्हनाली, येवढी नाचलीस आन् मला सांगितलं पन नाय."

तेवढ्यात सरपंच चंद्राबाई आल्या. त्यांना येताना पाहून कर्णिक मॅडमच्या मागे सरकले, कारण बातमीत सर्वांत लांब भाषण चंद्राबाईंचं होतं.

"सर, हिकडं या," चंद्राबाई म्हणाल्या. "मी सकाळपासून भात काढनारनींबरोबर शेतात. बायका सांगत येतात, बाई, काय बोल्लात तुमी. 'डिजिटल शिक्षण ही काळाची गरज आहे.' सर, ही गरज मला कवा लागली?"

"चूक झाली, बाई."

"चूक ऱ्हाऊ द्या. फळा कुठं हाय?"

कर्णिकांनी सगळं सांगितलं. देवेश, साहेब, साहेबांचे साहेब, चौक फाटा. चंद्राबाईंनी पदर खोचला आणि त्या थोडा वेळ तोरणाकडे बघत उभ्या राहिल्या. तिसरीपर्यंत शिकलेली बाई. पण गावाला रस्ता, पाणी आणि शाळेचं कुंपण तिने असंच उभ्या उभ्या बघत आणलं होतं.

"सर, तुमी लिवलं म्हनून फळा गेला," त्या म्हणाल्या. "मंग तुमीच लिवा आन् आना."

"म्हणजे?"

"लिवा की, कंपनीने पोशीरला दुसरा फळा दिला. येकाच दिवशी दोन. गाव लई खूश हाय."

कर्णिक हबकले. "बाई, खोटं लिहू?"

"सकाळचं काय खरं होतं?"

मेघा मॅडमनी तोंडावर पदर घेतला. कर्णिक पायरीवर बसले.  तीस वर्षांत त्यांनी कितीतरी कार्यक्रम पत्रिकेवरून लिहिले, पण त्या प्रत्येकाची निदान पत्रिका तरी होती. पत्रिकेशिवाय लिहिणं म्हणजे त्यांच्या मते शुद्ध थाप. समोर दर्शना उभी होती, रिकाम्या भिंतीकडे बघत. तिथे फळ्यासाठी चार खिळे ठोकून ठेवलेले होते.

कर्णिकांनी एक बोट वर केलं आणि लिहायला सुरुवात केली. 'एकाच दिवशी दुसरा डिजिटल फळा. कंपनीच्या औदार्याने पोशीरकर भारावले.' पुढे मग हात चालू लागला. दानशूर वृत्ती आली, सामाजिक बांधिलकी आली, पंचक्रोशीत होणारं कौतुक आलं. प्रीतमने वाचलं नाही. आलं तसं टाकलं. नेरळवाल्यांनी त्यात 'इतिहास घडला' असं घातलं. खोपोलीचा प्रतिनिधी तर दुसराही फळा लागताना प्रत्यक्ष हजर होता.

मग सगळे पायरीवर बसून वाट बघू लागले. बुधाजींना वाट कसली बघायची हे कळत नव्हतं, पण तेही बसले.

उन्हं कलायला लागली तेव्हा देवेशचा फोन आला. त्याचा श्वास लागला होता.

"सर, मी खालापूरच्या पुढं त्या शाळेच्या दारात उभा आहे. उतरवायला माणसं उशिरा मिळाली, फळा आत्ता अर्धा खाली आलाय. आणि साहेबांचा फोन आला. म्हणाले, शाब्बास देवेश, एकाच गावाला दोन दिलेस, वरपर्यंत नाव झालं. सर, मी एकही दिलेला नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो." तो अगदी खचला होता. "आता ते विचारतात, दुसऱ्या फळ्याबरोबरचा तुझा फोटो कुठाय. फोटोत फळा पाहिजे आणि पोशीर पाहिजे. सर, मी टेंपो वळवलाय. इथल्या हेडमास्तरांना सांगितलंय, तुमचा महिन्याभरात ठरल्याप्रमाणे येईल. तुमच्याकडे निदान फीत तरी आहे ना?"

"पिशवीत आहे," कर्णिक म्हणाले.

टेंपो आला तेव्हा आवारात शाळेची पोरं, शेतावरून परतलेल्या बायका आणि एक म्हैस एवढीच मंडळी होती. खुर्च्या नसल्याने सगळे जमिनीवर बसले. फळा भिंतीवर चढला. ठरलेले प्रमुख पाहुणे सकाळीच आपलं भाषण करून मोकळे झाले असल्याने आले नाहीत. फीत दर्शनाने कापली, आणि कात्री न सापडल्यामुळे ती विळीवर कापली.

कर्णिक पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. आपण लिहिलेला कार्यक्रम आपण बसून बघायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि त्यांना धक्क्यावर धक्के बसत होते. कुणीही त्यांनी लिहिल्याप्रमाणे वागत नव्हतं. मेघा मॅडमना आभार मानताना रडू आलं आणि त्यांनी कुणाचेच आभार मानले नाहीत. देवेश बोलायला उठला तो "मला घरी जायचंय" एवढंच बोलून बसला. चंद्राबाई उठल्या तेव्हा काळाची गरज येणार म्हणून कर्णिकांनी मान खाली घातली. पण ती आलीच नाही.

"लाकडी फळ्यावर मास्तर चुकले तर पुसायचे," चंद्राबाई म्हणाल्या. "पोरं हसायची, मास्तर हसायचे, झालं. ह्या फळ्यावर चुकलात तर गावभर जातं आन् पुसाया गेलं तर कोन पुसू देत नाय. तवा पोरांनो, बघून लिवा. आमचे सर थोर मानूस, पन आज त्यांनाबी जमलं नाय."

सगळे कर्णिकांकडे बघून हसले. कर्णिकांचे कान तापले, पण इतकं चांगलं भाषण त्यांना तीस वर्षांत लिहिता आलं नव्हतं.

मग मॅडमनी फळा लावला. आधी एका साबणाची जाहिरात आली. तीही पोरांनी टाळ्या वाजवून बघितली. त्यानंतर भिंतभर काळोख पसरला आणि त्यातून कडं घातलेला शनी हळूहळू वर आला. दर्शना सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिने बराच वेळ बघितलं, मग मागे वळून म्हणाली, "मॅडम, ह्याला शेपूट नाय."

घरी परतल्यावर कर्णिकांनी पायसुद्धा धुतले नाहीत. खुर्चीत बसले आणि त्यांनी बातमी लिहायला घेतली. विळी लिहिली, म्हैस लिहिली, चंद्राबाईंचं भाषण शब्दन् शब्द लिहिलं. कुठेही संपन्न नाही, कुठेही उजाळा नाही. लिहिता लिहिता जेवण निवून गेलं. आपल्या डोळ्यांनी बघितलेली, आपल्या कानांनी ऐकलेली, आयुष्यातली पहिली खरी बातमी. सोबत फळ्यासमोरचे फोटो जोडले, आणि त्यात सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

प्रीतमचं उत्तर लगेच आलं. 'सर, ही जुनी झाली. सकाळीच दिलीय.'

'ही खरी आहे,' कर्णिकांनी एका बोटाने लिहिलं.

'दोन दिल्या तर लोक गोंधळतील सर. नुसते फोटो टाकून बघतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनीबाईंनी चहा आणला आणि बाजूला आपला फोन ठेवला. "हे बघा काय आलंय."

खोपोलीच्या पोर्टलने 'व्हायरल सत्य' म्हणून मोठी पट्टी लावली होती. पोशीरच्या नावाने काही बनावट फोटो फिरत असल्याचं त्यात म्हटलं होतं. उद्घाटन सकाळीच हजारोंच्या उपस्थितीत झालेलं असताना या फोटोंमध्ये खुर्च्या नाहीत, पाहुणे नाहीत, फीत विळीवर कापलेली दिसते आणि मागे म्हैस आहे, यावरून हे फोटो यंत्राने तयार केल्याचं तज्ज्ञांचं मत होतं. खरा फोटो म्हणून शेजारी पिठाची गिरणी दिली होती.

कर्णिकांनी चष्मा लावला. त्यांनी बोटाने पान वर सरकवलं. खाली ठळक अक्षरात होतं: 'अशा खोट्या फोटोंवर नागरिकांनी विश्वास ठेवू नये, असे कळकळीचे आवाहन ज्येष्ठ पत्रकार शरच्चंद्र कर्णिक यांनी केले आहे. खोटी बातमी हा समाजाला लागलेला कलंक असल्याचे ते म्हणाले. या वेळी ते भावुक झाले होते.'

"हे आवाहन कधी केलंत?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

कर्णिकांनी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. कुठे एक शब्द खटकत नव्हता. खाली लोकांचे प्रतिसाद होते आणि त्यात सगळ्यांत वरचा बुधाजींचा, कुणाकडून तरी लिहून घेतलेला.

'सर बोलतात ते सत्य हाय. मी ऐकत होतो.'